पॉइंट सोडा, नदी पकडा!

महाबळेश्वरला 'सगळं बघून झालंय' म्हणणाऱ्यांसाठी एक नवा फंडा. दोन दिवसांत डझनभर पॉइंट उरकण्यापेक्षा एक नदी निवडा आणि तिच्या सोबतीनं डोंगर उतरा...

शुक्रवारची संध्याकाळ. बॉसचा शेवटचा मेल येऊन गेलाय, समोर लाँग वीकेण्ड पसरलाय आणि ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय- 'कुठे जायचं?' कुणीतरी महाबळेश्वर म्हणतं. लगेच दुसरा जांभई देतो. 'यार, तिथं आता काय बघायचं? शाळेच्या ट्रिपला गेलोय, आई-बाबांबरोबर गेलोय, ताईचा हनिमूनही तिथंच झाला!' एवढं बोलून झालं तरी शेवटी गाड्या तिकडेच वळतात. कारण सोपं आहे. पुण्याहून जेमतेम १२० किलोमीटर, मुंबईहून पुणेमार्गे २६० च्या आसपास आणि वर पोचल्यावर साडेचार हजार फुटांवरची थंड हवा.

पुढची स्क्रिप्टही ठरलेली. शनिवारी दुपारी चेक-इन. टॅक्सी स्टँडवर पॉइंटांची यादी. इतके पॉइंट, इतके तास, इतके पैसे. आर्थर सीटला दहा मिनिटं, केट्स पॉइंटला सात, मधे मक्याचं कणीस. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्य कमी आणि मोबाइल जास्त. रविवारी स्ट्रॉबेरी विथ क्रीम, घरच्यांसाठी जॅमच्या बाटल्या आणि मग पसरणी घाटातला दुसरा जॅम! सोमवारी ऑफिसात आपण शुक्रवारपेक्षा जास्त थकलेले. म्हणजे ऑफिसातली टार्गेटं सोडून आपण डोंगरावर जातो आणि तिथंही टार्गेटच पूर्ण करून येतो.

'पॉइंट' हा प्रकार तसा इंग्रजांचा. १८२४ मध्ये जनरल पीटर लॉडविक हा डोंगर चढून वर आला. पुढे १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या राजांकडून ही जागा मिळवली आणि साहेबांच्या विश्रांतीसाठी गाव वसवलं. त्याचं नाव माल्कम पेठ. कड्यावर जाऊन उभं राहायचं, दरी बघायची, दम खायचा आणि बंगल्यावर परत. त्या कड्यांना साहेबांची, त्यांच्या मुलाबाळांची नावं पडली. केट ही माल्कमचीच मुलगी.

पण साहेब यायच्या शेकडो वर्षं आधीपासून इथं माणसं येतच होती. ती यायची दरी बघायला नाही, तर पाण्यासाठी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. या डोंगराची खरी ओळख या पाच नद्या आहेत आणि त्या कड्यावर थांबत नाहीत, खाली उतरतात. म्हणून या वेळी पॉइंटांची यादी बाजूला ठेवून बघा. एका दिवसाला एकच नदी. मजा अशी, की प्रत्येक नदी तुम्हाला एका वेगळ्याच महाराष्ट्रात नेऊन सोडते.

सुरुवात गोमुखापासून

बाजारापासून सहाएक किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे, म्हणजे आपण ज्याला 'ओल्ड महाबळेश्वर' म्हणतो ते. इथल्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचे प्रवाह एका दगडी गोमुखातून कुंडात पडतात. सकाळी नऊच्या आत पोचलात तर पाण्याचा आवाज ऐकू येतो. अकरानंतर नुसती माणसंच ऐकू येतात!

आता मंदिरातून बाहेर पडून चार पावलं जास्त चाला. थोड्या अंतरावर कृष्णाबाईचं जुनं देऊळ आहे. काळा दगड, शेवाळ, इथंही एक गोमुख आणि छोटंसं कुंड. ही जागा बहुतेक टॅक्सीवाल्यांच्या लिस्टमध्ये नसते, त्यामुळे अजून शांत आहे. देवळासमोर उभं राहिलं, की कृष्णेचं अख्खं खोरं खाली उघडतं. तुमच्या पायाशी बोटाएवढी धार आणि समोर तिनंच कोरलेली दरी. मन लावून बघायचं ठरवलं तर इथं अर्धा तास कसा जातो, कळत नाही.

थोडं सायन्सही सांगते, बोअर होऊ नका. या डोंगराचं अंग काळ्या बेसॉल्टचं आहे आणि डोक्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस इथं कोसळतो. त्यातला काही भाग हा जांभा स्पंजसारखा शोषून घेतो आणि मग महिनोन् महिने झऱ्यांमधून थोडा थोडा सोडत राहतो. म्हणजे पाऊस संपल्यावरही नद्या वाहत्या राहतात त्या या टोपीमुळे आणि तिच्यावरच्या जांभूळ, हिरडा, अंजनीच्या बुटक्या, दाट जंगलामुळे. केंद्र सरकारनं २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं. नवं बांधकाम, झाडतोड यावर बंधनं आली. 'व्हॅली व्ह्यू'वाली आणखी चार हॉटेलं का नकोत, याचं उत्तर या गोमुखात आहे.

कृष्णा : वाई, मेणवली आणि एक पोर्तुगीज घंटा

पहिल्यांदाच 'नदी ट्रिप' करणार असाल तर कृष्णेपासून सुरुवात करा. सगळ्यात सोपी. सकाळी केट्स पॉइंटवर जा (हो, पॉइंटवर जायला बंदी नाहीये!). इथून खाली बलकवडी आणि धोम धरणांचं पाणी दिसतं. ते नीट लक्षात ठेवा, कारण दुपारी तुम्ही त्याच पाण्याच्या काठावर असणार आहात.

उतरताना वाटेत पाचगणी लागतं. टेबल लॅण्डवर घोडेवाले मागे लागतील. पण पठार चालत पार केलं तर पायाखालचा जांभा जाणवतो, मघाशी बोललो तोच. इथून कृष्णेचं खोरं पुन्हा दिसतं, आता जरा जवळून. पुस्तकवेडे असाल तर पाचगणीजवळच्या भिलारला वाकडी वाट करा. मे २०१७ मध्ये इथं 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. लोकांच्या घरांत, ओसऱ्यांवर, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत. कोणाच्याही ओसरीवर बसा, वाचा, उठा. कुणी तिकीट मागत नाही आणि 'काय घेणार?' असंही विचारत नाही. स्ट्रॉबेरीच्या शेताला लागून कादंबरी वाचायची चैन दुसरीकडे कुठं मिळणार?

मग पसरणी घाट उतरून वाई. घाटाला ज्या गावाचं नाव आहे ते पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. वाईत कृष्णेला सात घाट आहेत. गणपती घाटावरचा ढोल्या गणपती खरोखरच ढोल्या आहे. रास्ते घराण्यानं १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. पायऱ्यांवर बसून जरा आजूबाजूला बघा. याच गावात मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. आपण एका क्लिकवर जे शोधतो, ते इथं माणसांनी एकेक नोंद लिहून काढलं.

वाईपासून अगदी जवळ मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरी घाट. 'स्वदेस' (२००४) पाहिलेल्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहा, तिच्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू आहेत! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातलीच ही एक. सकाळी जे पाणी वरून चमकताना दिसलं, ते आता तुमच्या पायाला लागतंय. पुढे ते सुमारे १४०० किलोमीटर वाहत आंध्रात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळणार आहे. आपला वीकेण्ड मात्र मेणवलीला थांबतो.

वेण्णा : लेकच्या पलीकडे

वेण्णा म्हटलं की सगळ्यांना बोटिंग आठवतं. पॅडल बोट, घोडा, पाणीपुरी, फुग्यांवर नेम. मजा आहेच, नाही कशाला म्हणायचं? पण हे तळं नैसर्गिक नाही. साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये ते बांधून घेतलं. आणि एक गोष्ट काठावरच्या गर्दीत कुणी सांगत नाही- महाबळेश्वर आणि पाचगणीला पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. म्हणजे खाल्लेल्या कणसाचा बुडखा तुम्ही पाण्यात भिरकावलात तर तो हॉटेलातल्या तुमच्याच ग्लासच्या दिशेनं निघालाय, असं समजा.

तळ्यावर यायचं तर सकाळी सातला या. हिवाळ्यात पाण्यावरून वाफ उठत असते. थंडी कडक पडली तर काठाच्या गवतावर आणि जेट्टीच्या फळ्यांवर दवाचं बर्फ झालेलं सापडतं. मग पुढे लिंगमळा. वेण्णेचं पाणी इथं कड्यावरून उडी मारतं. थोडी पायपीट आहे, हिल्स घालून जाऊ नका. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत धबधबा रंगात असतो. फेब्रुवारीनंतर गेलात आणि 'अरे, हाच का तो?' असं वाटलं, तर दोष धबधब्याचा नाही.

बहुतेकांची वेण्णा इथंच संपते. तुम्ही मात्र केळघर घाटानं मेढ्याच्या रस्त्याला लागा. हा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातून साताऱ्याकडे जातो. पाचगणीच्या रस्त्याच्या मानानं गर्दी कमी, दोन्हीकडे भातखाचरं आणि कौलारू घरं. शेवट करायचा साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. एकाच डोंगरावरून वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या दोन बहिणी इतक्या लांब येऊन भेटतात. काठावर दगडी देवळांची रांग आहे, नदीत उतरणारे रुंद घाट आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही इथं आहे. पेट लव्हर्सनी चुकवू नये!

कोयना : बोट, बॅकवॉटर आणि आपलं वीजबिल

तापोळा. महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटर. हॉटेलवाले याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. का ते त्यांनाच माहीत! तापोळ्याला काश्मीर व्हायची काही गरज नाही. वळणावळणांचा उतार संपता संपता झाडांमधून निळं पाणी दिसायला लागतं आणि गाडीतली गाणी आपोआप बंद होतात. हा शिवसागर जलाशय, म्हणजेच कोयना धरणाचं बॅकवॉटर. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या इथं एकत्र येतात. तासाभराची बोट घ्या, लाइफ जॅकेट घाला (फोटोत वाईट दिसतं, तरीही) आणि मधोमध आल्यावर नावाड्याला दोन मिनिटं मशीन बंद करायला सांगा. पाहा, किती दिवसांत इतकी शांतता ऐकली नव्हतीत.

जरा जास्त दम असेल तर वासोटा करा. बोटीनं पलीकडच्या काठावर उतरायचं आणि कोयना अभयारण्याच्या घनदाट जंगलातून किल्ला चढायचा. हे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन खात्याची परवानगी लागते, प्लॅस्टिकची मोजदाद होते आणि अंधार पडायच्या आत परतावं लागतं. पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो. पूर्ण दिवस हातात ठेवा. त्याच दिवशी संध्याकाळी सनसेट पॉइंट वगैरे डोक्यात आणू नका.

आता बोटीतून खाली पाण्याकडे पाहा. आपल्यासारख्या शहरी माणसांचा हिशोब इथं बुडालेला आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं आणि या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. शेतं, देवळं, पाणवठे, सगळं. काही लोक वर सरकून डोंगरउतारावर राहिले, काहींना दूरच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या, कितीतरी जणांच्या पुनर्वसनाचा झगडा पुढची अनेक दशकं चालला. जावळी-महाबळेश्वरच्या या पट्ट्यातले पुरुष मुंबईला गेले, माथाडी झाले, मिळेल ते काम केलं. तापोळ्याच्या आसपास कोणत्याही गावात विचारा, घरातला एक तरी माणूस 'मुंबैला' असतोच.

आणि पाणी? कोयना निसर्गानं पूर्वेला जाणारी नदी. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला समोरासमोर भेटते. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांमधून उलटं, पश्चिमेला नेलं जातं. सह्याद्रीच्या पोटात, जमिनीखालच्या वीजगृहांत ते कोसळतं, वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. जलविद्युतचा फायदा असा, की ती हवी तेव्हा काही मिनिटांत सुरू करता येते. म्हणून संध्याकाळी, सगळ्या राज्याचे दिवे, एसी आणि टीव्ही एकदम चालू होतात, तेव्हा कोयनेवर भिस्त असते. आपण ऑफिसात उशिरापर्यंत बसतो, लिफ्टनं विसाव्या मजल्यावर जातो, लॅपटॉप चार्जिंगला लावतो... त्यातलं थोडंसं याच पाण्यातून येतं.

याच कोयनाकाठी आता 'नवीन महाबळेश्वर' आखलं जातंय. सातारा जिल्ह्यातल्या दोनशेहून अधिक गावांना कवेत घेणारा हा गिरिस्थान प्रकल्प. रस्ते येतील, रोजगार येईल, मुंबईला गेलेली मुलं कदाचित परत येतील. इथल्या लोकांना ते हवंच आहे आणि त्यात गैर काय? प्रश्न इतकाच, की एकदा पाण्यासाठी जागा सोडलेल्या माणसांना या वेळी हॉटेलासाठी सोडावी लागू नये. त्यात आपण काय करू शकतो? निदान एवढं तरी, की तापोळ्याला गेलो तर मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या घरी जेवू, तिथल्याच माणसाची बोट घेऊ, त्याच्याच घरचा तांदूळ विकत आणू. आपण पैसे कुठे टाकतो, यावर तिथं पुढे काय उगवणार ते ठरतं.

सावित्री : कड्यावरून कोकणात

बाकीच्या बहिणी पूर्वेला वळल्या, सावित्रीनं मात्र पश्चिमेला झेप घेतली. तिचं रौद्र रूप बघायचं तर आर्थर सीटच. एका बाजूला सावित्रीची खोल, भकास दरी, दुसऱ्या बाजूला जोरच्या खोऱ्याचं हिरवं रान. कड्याखालच्या विंडो पॉइंटवर खालून इतका वारा येतो, की हलकी वस्तू टाकली तर परत वर येते. लोक त्यासाठी बाटल्यांची झाकणं टाकतात. तुम्ही सुकलेलं पान टाका, तेही येतं!

मग प्रतापगड, महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मोरोपंत पिंगळ्यांनी १६५६ मध्ये तो बांधला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाचा वध याच गडाच्या पायथ्याशी झाला. ही गोष्ट आपल्याला चौथीपासून पाठ आहे. पण गड इथंच का, हे गडावर गेल्यावर कळतं. पारचा घाट, म्हणजे देश आणि कोकण यांच्यामधली वाट, या गडाच्या टप्प्यात आहे. एका बाजूला जावळीचं निबिड कोयना खोरं, दुसऱ्या बाजूला कोकण. ज्याच्या हातात हा गड, त्याच्या हातात दोन्हीकडची दारं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात प्रतापगड आहे. गड बघून झाल्यावर पार गावात उतरा. रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल. किती पावसाळे अंगावर घेऊनही उभा आहे. गडावर शेकड्यांनी माणसं असतात, पुलावर बहुतेक वेळा तुम्ही आणि म्हशी.

वेळ असेल आणि हवा चांगली असेल तर आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जा. दर वळणाला हवा उबदार होत जाते, स्वेटर मागच्या सीटवर फेकले जातात आणि बघता बघता तुम्ही कोकणात असता. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूरजवळच आहे. आणखी वीसेक किलोमीटरवर महाड. सावित्री इथं शांत, रुंद झालेली दिसते.

महाडात चवदार तळ्यापाशी थांबल्याशिवाय परत फिरू नका. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह या तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी लोकांची डोकी फुटली. सकाळी आपण गोमुखाखाली सहज हात धरलेला असतो. पाण्याला हात लावणं कुणासाठी सहज होतं आणि कुणासाठी नव्हतं, हे एकाच दिवशी, एकाच प्रवासात समोर येतं. टेबल लॅण्डवरचे फोटो पुढच्या फोनबरोबर जातील, ही गोष्ट राहते.

गायत्री : हिच्यासाठी काहीच नको

राहिली पाचवी. गायत्रीच्या वाट्याला मी काहीही प्लॅन ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका. दोन दिवसांतली एक सकाळ पूर्ण रिकामी ठेवा. अलार्म नाही, टॅक्सी नाही. उठावंसं वाटलं तर जुन्या बंगल्यांच्या बाजूच्या लाल मातीच्या वाटांवरून भटका. बुलबुल ऐका. नेटवर्क गेलं तर जाऊ द्या. लॉडविक पॉइंटला चालत गेलात तरी चालेल, फक्त 'कव्हर' करायला जाऊ नका. आणि नुसतं गॅलरीत बसून चहाचे तीन कप रिचवले तरी तोही प्रोग्रॅमच आहे.

प्लॅन कसा कराल?

- एक दिवस, एक नदी. दोन दिवस असतील तर एक नदी आणि गायत्री. तीन असतील तर दोन नद्या. चौथी नदी घुसवायचा मोह टाळा.
- पुण्याहून : सुरूर फाट्याला हायवे सोडून वाई, पसरणी घाट, पाचगणी. कृष्णा तुम्हाला येता-जाताच भेटते. स्वारगेटहून एसटी आहेत.
- मुंबईहून : कोकणमार्गे पोलादपूरवरून आलात तर सावित्री वाटेतच होते. जाताना वाईमार्गे परता.
- स्वतःची गाडी नसेल तर टॅक्सीवाल्या काकांना पॉइंट सांगू नका, 'दिवसभरासाठी वाई-मेणवली' किंवा 'तापोळा' असं सांगा आणि पैसे आधी ठरवा. वाटेतली गावं त्यांच्या ओळखीची असतात. बोलतं केलंत तर निम्मी ट्रिप तिथंच वसूल.
- लाँग वीकेण्ड शक्यतो टाळा. मंगळवार-बुधवारी सुट्टी टाकता आली तर हाच डोंगर वेगळा भासतो.

कधी जाल?

- ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाणी भरपूर, आकाश स्वच्छ. पाचही नद्यांसाठी बेस्ट.
- डिसेंबर ते मार्च : थंडी आणि स्ट्रॉबेरी. वासोटा, प्रतापगड आणि वाईसाठी मस्त.
- एप्रिल-मे : वर गारवा, पण खाली वाई-महाडला घाम निघतो. सकाळी लवकर उतरा.
- जून ते सप्टेंबर : धुकं आणि पाऊस ज्यांना आवडतो त्यांनीच यावं. २०२१ च्या जुलैत इथं २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या. घाट चालू आहे का, हे विचारल्याशिवाय निघू नका.

पोटोबा

- महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी याच परिसरात पिकते. शक्य तर शेतावर जाऊन घ्या. छोटी, आतपर्यंत लाल असलेली निवडा. दिसायला मोठी म्हणजे चवीला गोड, असं काही नसतं.
- मध घ्यायचा तर मांघर लक्षात ठेवा. बाजारापासून फार लांब नाही. २०२२ मध्ये हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. जांभळाचा मध किंचित कडवट असतो, तोच खरा.
- तापोळ्याला घरगुती जेवण आधी सांगून ठेवा. भाकरी, पिठलं, आमटी आणि लाल तांदळाचा भात. मेन्यू कार्ड मागू नका.

परतीची बॅग भरताना जॅम आणि चिक्कीच्या शेजारी गोमुखाजवळ भरलेली पाण्याची बाटलीही टाका. पुढच्या सोमवारी मीटिंग लांबली आणि एसी जरा जास्तच गार वाटला, की आठवा, ती गारही कुठल्या तरी नदीकडून उसनी घेतलेली आहे. मग पुढच्या वीकेण्डला कुठली नदी, ते ग्रुपवर टाका.